परसदार : कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी



भंडारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. सुरुवातीला जयभीम, मग घरची ख्यालीखुशाली आणि मग एकदम मुद्दा. त्यांच्याकडे सहा गावरान कोंबड्या. त्यातली सर्वांत जास्त अंडी देणारी काळी कोंबडी चार दिवसांपासून खुराड्याच्या कोपऱ्यात गप्प बसून आहे. दाणे टाकले तर उठून येते, दोन टिपते आणि मान वाकडी करून उभी राहते. गळ्याखाली लिंबाएवढी गाठ लागते. घरचे मालक म्हणतात, "गाठ आली म्हणजे आता काही खरे नाही, रविवारच्या बाजारात काढून टाक." शेजारची म्हातारी म्हणते, "ब्लेडने चिरा दे, आतली घाण काढ आणि सुई-दोऱ्याने शिवून टाक. आमच्या आईने अशा कितीतरी शिवल्या." बाई विचारतात, यातले खरे कुणाचे मानायचे? आणि काहीच जमले नाही तर ती कोंबडी कापून खाल्ली तर चालेल का?

पत्र हाती आले त्याच दिवशी आम्ही त्यांना फोन करून चार गोष्टी सांगितल्या. पुढे काय झाले ते शेवटी येईलच. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. गेल्या पावसाळ्यापासून अशाच अर्थाची तीन-चार पत्रे आली आहेत, म्हणून आजचे सदर या एकाच विषयाला देत आहोत.

कुणी म्हणेल, एका कोंबडीसाठी एवढी शाई कशाला? असे म्हणणाऱ्याच्या घरात अंड्यांचा हिशेब बहुधा बायको ठेवत असावी. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, एक-दोन वेळा खुडूक बसून पिले काढते, आणि तिच्या अंड्याला दुकानातल्या अंड्यापेक्षा भाव चांगला येतो. हा पैसा घरातल्या बाईच्या हातात राहतो. पोरांच्या वह्या, एसटीचे तिकीट, अडीअडचणीला औषधाची गोळी, हे सारे त्यातून निघते. सहातली एक कोंबडी गेली म्हणजे त्या पैशाचा सहावा हिस्सा गेला. तेव्हा विषय लहान नाही.

आता मुळात ही गाठ म्हणजे काय ते पाहू. घरी कोंबडी साफ करणाऱ्या प्रत्येक बाईने ती पाहिलेली आहे. मान संपते तिथे, छातीच्या वर, किंचित उजव्या अंगाला एक पातळ कातडीची पिशवी असते. ती फाडली की आतून अख्खे दाणे, कोंडा, कधी एखादा किडा निघतो. आपण ती काढून फेकून देतो. तीच ही पिशवी. डॉक्टर मंडळी तिला क्रॉप म्हणतात. आम्ही इथे पिशवीच म्हणू.

कोंबडीला दात नाहीत. ती टिपलेला दाणा गिळते आणि तो आधी या पिशवीत साठतो. तिथे तो भिजतो, मऊ होतो, मग थोडा थोडा खाली जातो. खाली आधी एक लहानसे जठर, तिथे पाचक रस मिळतो, आणि त्यानंतर ती जाड मांसाची गोल पेटी, जी आपण कलेजीबरोबर रश्श्यात टाकतो. त्या पेटीत कोंबडीने गिळलेले बारीक खडे असतात. पेटी आवळते, सैल होते आणि खड्यांमध्ये दाणा भरडला जातो. घरातले जातेच म्हणा. जाते अडले की वरचे दळण साचणारच, आणि ते साचते या पिशवीत.

म्हणून सर्वांत आधी हे लक्षात घ्या की गळ्याखाली गोळा लागणे हा स्वतः आजार नव्हे. संध्याकाळी खुराड्यात शिरणाऱ्या धडधाकट कोंबडीची पिशवी भरलेलीच असते. रात्रीची शिदोरी म्हणून ती दिवस मावळताना पोटभर टिपून घेते. कितीतरी लोक संध्याकाळी हात लावतात, गोळा लागला म्हणून घाबरतात आणि चांगल्या कोंबडीवर उपचार सुरू करतात. खरी परीक्षा सकाळची. रात्रभरात पिशवी रिकामी होते. पहाटे, दाणा टाकायच्या आधी, चाचपून पाहिले तर तिथे नुसती सैल कातडी लागली पाहिजे.

शंका असलेली कोंबडी संध्याकाळी वेगळी काढा. रिकामे खोके किंवा डालगे चालेल, पण त्याखाली गवत, पेंढा, भुसा काही घालू नका. भुकेली कोंबडी तेच खाईल. जुने सुती कापड किंवा जाड कागद अंथरा. पाणी ठेवा, दाणा ठेवू नका. पहाटे मांडीवर घेऊन चाचपा. पिशवी रिकामी असेल तर तिचे दुखणे दुसरीकडे आहे, पिशवीच्या मागे लागू नका. भरलेली असेल तर मात्र बोटांनी नीट ओळखा की आत काय आहे, कारण इथून पुढे दोन वाटा फुटतात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिली म्हणजे कडक पिशवी. भिजवून मळलेल्या कणकेचा घट्ट गोळा किंवा काथ्याची गुंडी हाताला लागावी तशी. यात काहीतरी अडकलेले आहे. बहुधा लांब गवत, पेंढा, पोत्याची सुतळी, केस, पिसे, प्लॅस्टिकची चिंधी. पाणी कमी मिळाले आणि कोरडा दाणा एकदम पोटभर खाल्ला तरी असा गोळा होतो.

दुसरी म्हणजे मऊ, डुबडुबणारी पिशवी. दुधाची पिशवी हातात धरल्यासारखी लागते. चोच उघडून वास घ्या. आंबून गेलेल्या पेजेसारखा, ताडीसारखा आंबट उग्र दर्प येतो. कधी मान खाली केली की चोचीतून पाणी गळते. यात आतले अन्न सडले आहे आणि त्यावर बुरशीच्या जातीचा एक सूक्ष्म जीव वाढला आहे. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतो ना, त्याच कुळातला हा. कडक पिशवी बरेच दिवस तशीच राहिली की तिचीही अशी आंबट पिशवी होते. म्हणजे एकाच कोंबडीत दोन्ही असू शकतात, आत गोळा आणि भोवती आंबलेले पाणी.

तिसरा एक प्रकार आहे तो लोंबत्या पिशवीचा. एकदा फार ताणली गेलेली पिशवी पुन्हा आवळत नाही, चालताना छातीपुढे झोळीसारखी हलते. यावर पक्का इलाज नाही. थोडे थोडे, मऊ खाणे दिवसातून चार वेळा देत गेले की अशी कोंबडी निभावते, अंडीही देते. पण तिची अंडी उबवायला शक्यतो ठेवू नका, कारण हा कमकुवतपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो.

आता आमची चूक सांगतो. सन २००९ च्या मे महिन्यात आमच्या घरामागे पाच कोंबड्या होत्या. अंगणाला नुकतीच सिमेंटची फरशी केली होती आणि आम्ही त्या स्वच्छतेवर फार खूष होतो. कोंबड्या घाण करतात म्हणून दिवसभर डालग्याखाली, आणि त्यांना हिरवे मिळावे म्हणून नाल्याच्या काठची हरळी उपटून आणायची आणि तशीच लांबच लांब टाकायची. तांबडी नावाची एक कोंबडी होती, आमच्या मुलीच्या मागे मागे घरात फिरायची. तिची पिशवी फुगली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की पाय धरून उलटी करा आणि दाबा, सगळे बाहेर येते. त्यांनी लहानपणी तसेच पाहिले होते. आम्ही तसेच केले. आंबट हिरवे पाणी चोचीतून आले, नाकपुड्यांतूनही आले. तिने दोनदा पंख झाडले आणि आमच्या हातातच ती गेली. पाच मिनिटेही लागली नाहीत. मुलगी दारात उभी होती.

नंतर पिशवी उघडून पाहिली. मुठीएवढा हरळीचा पेड, दोरखंडासारखा वळलेला, आणि मध्ये वीतभर सुतळी. तो गोळा उलटे धरून कधीच बाहेर आला नसता. आले ते फक्त पाणी, आणि ते तिच्या श्वासाच्या नळीत गेले. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशी मधोमध एक चीर उघडमिट करताना दिसते. तो श्वासाचा रस्ता. उलटे धरून दाबले की वर येणारे पाणी त्या चिरेतून फुप्फुसात शिरते. म्हणून, भगिनींनो, घरातले कितीही जाणते माणूस म्हणाले तरी कोंबडी उलटी धरून पिशवी पिळू नका. पशुवैद्यांना हे कधी करावे लागलेच तर त्यांना ते कसे आणि किती क्षण करायचे ते ठाऊक असते. आपल्याला ठाऊक नसते.

कडक पिशवीवर घरी करण्यासारखा उपाय सोपा आहे, पण त्याला धीर लागतो. दाणा बारा तास बंद, फार तर एक दिवस. त्याहून जास्त उपाशी ठेवू नका, आधीच चार दिवसांत तिच्या पोटात काही गेलेले नसते. पाणी समोर राहू द्या. खोबरेल तेल गोठलेले असेल तर उत्तमच. थंडीच्या दिवसांत बाटलीत ते आपोआप गोठते, उन्हाळ्यात थोडा वेळ शेजारच्या फ्रिजमध्ये वाटी ठेवायची विनंती करा. त्याचे वाटाण्याएवढे तीन-चार तुकडे चोच उघडून एकेक करून द्या, प्रत्येक तुकडा गिळू द्या. गोठलेले तेल गिळले जाते, श्वासाच्या वाटेला जात नाही, हा त्यातला मोठा फायदा. पातळ तेलच द्यावे लागले तर सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा. एकूण चमचाभर पुष्कळ झाले. घाईने घशात ओतू नका. ती खोकली किंवा घरघर वाजली तर लगेच थांबा. कोमट पाणीही असेच, थेंबाथेंबाने.

अर्ध्या तासाने तिला जुन्या धोतरात किंवा टॉवेलात पंखांसकट गुंडाळून मांडीवर घ्या. डोके वर राहिले पाहिजे. बोटांच्या पेरांनी पिशवी हलक्या हाताने चोळा, कडेपासून आत, कणकेचा गोळा सैल करावा तशी. पाच मिनिटे पुरे. दिवसातून तीन-चार वेळा करा. जोर लावला तर आतली कातडी फाटते. चोळताना चोचीपर्यंत पाणी आले तर हात काढून घ्या, मान मोकळी सोडा, ती स्वतः झटकून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा लहान झाला, फुटून मऊ लागला आणि विष्ठा होऊ लागली तर वाट बरोबर आहे. मग शिजवून मऊ केलेली तांदळाची कणी, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, किंवा पाण्यात भिजवलेले पिल्लांचे खाद्य चमचा-चमचा देत चला. अख्खी ज्वारी, मका, गवत आठवडाभर नको. कोंबडीला अंडे खाऊ घालायचे कसे, असे काहींना वाटते. बलक मऊ आहे, ताकदीचा आहे, तिला चालतो.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर घरचे उपाय बंद करून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. म्हातारीने सांगितलेली ब्लेडची गोष्ट खोटी नाही. पिशवी उघडून गोळा काढता येतो आणि ती जखम भरूनही येते. पण डॉक्टर तो भाग आधी बधिर करतात, पिशवीचा टाका वेगळा आणि कातडीचा टाका वेगळा घालतात. घरी शिवणारी बाई दोन्ही एकत्र शिवते, मग आतले अन्न टाक्यांमधून झिरपते आणि आठवड्याभरात सगळे सडते. वाचलेल्या कोंबड्यांच्या गोष्टी लोक सांगतात, मेलेल्यांच्या कुणी सांगत नाही. शिवाय बधिर न करता जिवंत प्राण्याला चिरणे ही गोष्ट आम्हांला तरी कुणाला सुचवावीशी वाटत नाही.

आंबट पिशवीला तेल-मालिशचा उपयोग नाही, उलट चोळल्याने पाणी वर चढून धोका वाढतो. तिथे एक दिवस दाणा बंद, स्वच्छ पाणी दोनदा बदलून, पाण्याचे भांडे उकळत्या पाण्याने धुऊन, आणि डॉक्टरांकडून बुरशीवरचे औषध. निस्टॅटिन नावाचे औषध त्यासाठी आहे. ते वजनावर देतात आणि सांगितलेले दिवस पुरे करावे लागतात. दोन दिवसांत वास गेला म्हणून बंद केले की पुन्हा उलटते. या दिवसांत गूळ, पाव, शिळी भाकर, गोड काही देऊ नका. बुरशीला तेच हवे असते.

इथे आमच्या वस्त्यांमध्ये सर्रास होणारी एक गोष्ट सांगायला हवी. कोंबडी गप्प बसली की घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकतात. पाणी पिवळे झाले की औषध दिल्याचे समाधान मिळते. आंबट पिशवीत हे औषध नुकसान करते. ते जंतू मारते, बुरशीला हात लावत नाही. पोटातले चांगले जंतू मेले की बुरशीला रान मोकळे होते. कितीतरी कोंबड्यांना हा आजार अशा कॅप्सूलनंतरच जडतो. मोरचुदाचे पाणी हाही जुना उपाय आहे, पण मोरचूद विष आहे, चिमूट जास्त झाली की संपले. डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय नको. रॉकेल तर कधीच नको. दही चमचाभर दिले तर बिघडत नाही, पण दह्याने आजार बरा झाला असे आम्ही पाहिलेले नाही.

पिशवी भरलेली राहण्याची कारणे पिशवीच्या बाहेरही असतात, हे विसरून चालत नाही. पोटात जंत फार झाले, अंडे आत अडले, शरीरात दुसरे मोठे दुखणे असले, तरी पिशवीचे काम थांबते. शेपूट खाली पाडून, पाय फाकवून उभी आहे आणि जोर करते आहे, तर अंडे अडल्याचा संशय घ्या. चोच उघडल्यावर आत पिवळट, चिकट थर दिसले तर ती देवी किंवा कबुतरांकडून येणारा तोंडाचा रोग असू शकतो. कबुतरे आणि कोंबड्या एकाच भांड्यातून पाणी पीत असतील तर ते आजच थांबवा.

आणि एकीची नव्हे, दोघी-तिघींची पिशवी एकदम थांबली, हिरवी-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिरगळलेली, तर ती राणीखेत, म्हणजेच मानमोडी, समजा. इथे मालिश करत बसू नका. या रोगावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात आरटूबी लसीचे इंजेक्शन. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, चार कोंबड्यांसाठी एकटी बाटली कुणी फोडत नाही. म्हणून गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवून दवाखान्यातून बर्फात लस आणावी आणि पातळ केल्यावर तासा-दोन तासांत संपवावी. पटापट बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्यांना हात न लावता दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. कळवण्यात लपवण्यासारखे काही नाही. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फुकट लागणारा दूरध्वनी क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

हे सारे टाळायचे कसे? आमच्या तांबडीच्या मरणाचे खरे कारण ती फरशी होती, हे आम्हांला फार उशिरा उमगले. मोकळी फिरणारी कोंबडी आपले खडे आपण टिपते. सिमेंटवर, डालग्याखाली, चाळीच्या गॅलरीत ठेवलेल्या कोंबडीला खडा मिळणार कुठून? तिच्या पोटातले जाते रिकामे फिरते. नदीची जाड रेती किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक खडी धुऊन एका करवंटीत कायम ठेवा. तिला हवे तेव्हा ती घेईल. अंड्याचे टरफल किंवा शिंपल्याचा चुरा वेगळा, तो हाडांना आणि अंड्याच्या कवचाला. तो पोटात विरघळतो, दाणा भरडायला उपयोगी पडत नाही. पुष्कळ घरांत टरफल देतात आणि खडे दिले असे समजतात.

हिरवे गवत, मेथीची देठे, कोथिंबिरीच्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या चिरून टाका. विळीवर दोन मिनिटांचे काम आहे. पोती सोडली की सुतळी उचलून ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे तर फार वाईट, ते कुजतही नाहीत. शाम्पूच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे, विंचरलेले केस, शिवणकामाचे दोरे, हे अंगणात पडू देऊ नका. ज्या घरात शिवणयंत्र आहे त्यांनी याकडे विशेष पाहावे.

पाणी उन्हाळ्यात दोन ठिकाणी, सावलीत. एरवी कोंबडी दिवसाला पावशेर-दीड पाव पाणी पिते, विदर्भातल्या उन्हात त्याच्या दुप्पट लागते. आणि उपाशी ठेवून एकदम खाऊ घालू नका. दिवसभर कामावर जाणाऱ्या घरांत हेच होते. सकाळी घाईत दाणा राहतो, संध्याकाळी दुप्पट टाकतात, कोंबडी अधाशासारखी गिळते आणि कोरडा दाणा आत फुगतो. लग्नाच्या किंवा जयंतीच्या पंगतीनंतर उरलेला भात, पुऱ्या, बुंदी कोंबड्यांपुढे ढिगाने ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबट पिशव्यांची रांग लागते. मूठभर द्या, बाकीचे गाय-म्हशीवाल्याला द्या.

दर रविवारी सकाळी, दाणा टाकायच्या आधी, प्रत्येक कोंबडीच्या गळ्याखाली एकदा हात फिरवायची सवय घरातल्या पोरांना लावा. आमच्या मुलीने ती तांबडीनंतर स्वतःच लावून घेतली. सन २०१४ च्या पावसाळ्यात तिनेच एका पाटलीण कोंबडीची (नाव तिनेच ठेवलेले, तोऱ्यात चालायची म्हणून) कडक पिशवी पहिल्याच सकाळी पकडली आणि ती दोन दिवसांच्या खोबरेल तेलावर बरी झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी पकडली असती तर तेलाने काही झाले नसते.

खाण्याबद्दलचा प्रश्न राहिला. कित्येक दिवस उपाशी, वास मारणारी, ताप-हगवण असलेली किंवा औषध चालू असलेली कोंबडी खाऊ नका आणि पोरांना तर मुळीच देऊ नका. मेलेली कोंबडी हातभर खड्ड्यात चुना टाकून पुरा, उकिरड्यावर फेकली तर कुत्री ओढतात. आणि बाजारात काढून टाकण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. घेणाराही आपल्यासारखाच कुणीतरी असतो. तोही शंभरदा विचार करून पैसे मोजतो आणि ती आजारी कोंबडी नेऊन आपल्या चार चांगल्या कोंबड्यांत सोडतो. दुखणे काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसताना ते दुसऱ्याच्या खुराड्यात पाठवू नये.

भंडाऱ्याच्या भगिनींनी आम्ही सांगितल्याप्रमाणे सकाळी चाचपले, पिशवी कडकच लागली. तेल आणि मालिश दोन दिवस केले, गोळा हलला नाही. मालक कुरकुरत का होईना, सायकलला पिशवी अडकवून कोंबडीला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पिशवी उघडली. आतून खताच्या पोत्याचे निळे-पांढरे धागे आणि तणसाचा गुंता निघाला. घरात धान्य ठेवलेले पोते कोपऱ्यात उसवलेले होते, काळी रोज तिथे टोचत होती. आता टाके भरले आहेत, ती भिजवलेली कणी खाते आणि इतर कोंबड्यांना पुन्हा चोच मारू लागली आहे. डॉक्टरांनी जखमेसाठी दिलेल्या औषधाचे दिवस आणि त्यानंतर त्यांनी सांगितले आहेत तितके दिवस तिने अंडी दिलीच तर ती खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

परवाच्या फोनवर त्यांनी एवढेच विचारले की, अंडी केव्हा सुरू होतील? इतके दिवस उपाशी राहिलेली कोंबडी आधी अंग भरून घेते, त्याला काही आठवडे लागतात. छातीचे हाड हाताला धारदार लागते तोवर वाट पाहायची. तुरा पुन्हा लालबुंद दिसू लागला आणि ती खुराड्यात जागा शोधत फिरू लागली की टोपलीत पेंढ्याऐवजी जुने कापड घालून ठेवा.